फोरमनकाका आणि माझा दुसरा गिअर

फोरमनकाका माणसांवर मराठीत ओरडायचे आणि यंत्रांशी हिंदीत बोलायचे, तेही ‘आप’ लावून. घरातला मिक्सर बंद पडला की तो मांडीवर घेऊन, “अच्छा, तो आप नाराज़ हैं? दिखाइए तो सही,” असं म्हणत त्याचं बूड उघडायचे, आणि त्याच क्षणी चहा घेऊन आलेल्या काकूंवर खेकसायचे, “ठेव की तिथं! काम चाललंय, दिसत न्हाई व्हय?” हा असा उलटा न्याय का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, “चाळीसेक वर्षं लखनौत काढली, एवढं तरी शिकलो की. माणूस राग विसरतंय गं. मशीन न्हाई विसरत.” त्यावर काकू आतून म्हणाल्या, “माणूसही विसरत नाही म्हणावं. गिळतं फक्त.”

काका मूळचे इचलकरंजीचे. आयटीआय करून लखनौच्या एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागले आणि तिथूनच फोरमन होऊन निवृत्त झाले. मग परत गावी जायचं जायचं म्हणत लखनौतल्याच महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथला बाजारामागच्या गल्लीत, एका तळमजल्यावर राहिले ते राहिलेच. मागच्या व्हरांड्यात धातू-लाकूड कातायचा त्यांचा छोटा लेथ होता. संस्थेने मोडीत काढलेला हा लेथ त्यांनी घरी आणून अशा जागी बसवला होता की काकूंच्या तुळशीला ऊन मिळेना, आणि त्यावरून वर्षातून दोनदा तरी भांडण ठरलेलं. इथल्या मराठी माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं मात्र राहत. त्यामुळे आरतीच्या वेळी “ए सातारा, निरांजन धर,” “अकोला कुठं गेलं?” अशा हाका ऐकू यायच्या. मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत नाशिकच होते.

वर्कशॉपमधली त्यांची एक गोष्ट संस्थेतले जुने लोक अजून सांगतात. कुणीही शास्त्रज्ञ करून हव्या असलेल्या वस्तूचा नकाशा हातात घेऊन आला की काका नकाशा उलटा ठेवायचे आणि विचारायचे, “हे वापरणार कोण?” एकदा एका बाईंच्या प्रयोगासाठी उंच स्टँड हवा होता. काका बाईंना जाऊन बघून आले आणि स्टँड नकाशापेक्षा चार बोटं बुटका करून दिला. विभागप्रमुख संतापले. मेमो देण्यापर्यंत मजल गेली. काका म्हणाले, “साहेब, नकाशात बाईंची उंची कुठं हाय? रोज टाचा वर करून किती दिवस काम करतील?” मेमो निघाला की नाही ते माहीत नाही, पण स्टँड तसाच राहिला. आणि त्या बाई निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला काकांकडे फराळाला येत राहिल्या.

आता माझ्या गाडीविषयी सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच काका मला लाभले. मी गोमती नगरातल्या एका बँकेत नोकरी करते. चौतीस वर्षांची होईपर्यंत मला गाडी चालवता येत नव्हती. वडील सोडायचे, मग भाऊ सोडायचा, मग ऑफिसची कॅब. लखनौला बदली झाली, एकटी राहू लागले, तेव्हा शिकले. आणि शिकले ती वेड लागल्यासारखी. शेवटी परदेशी निघालेल्या एका गृहस्थांची जुनी स्पोर्ट्स कार मी घेतली. लाल, दोन दारांची, दोघांपुरतीच, आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. आई फोनवर म्हणाली, “तिसरं माणूस आलं तर?” म्हटलं, तिसऱ्याने रिक्षा करावी. कुणालाही न विचारता, कुणाच्याही सोयीचा विचार न करता मी आयुष्यात घेतलेली ही पहिली वस्तू होती. म्हणून ती मला इतकी प्यारी होती, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

अपघात मात्र त्या गाडीत झाला नाही. थंडीतल्या एका सकाळी जुन्या लखनौच्या चौक भागात मक्खन मलाई, म्हणजे दुधाचा गोड फेस, खायला गेले होते. त्या गल्ल्यांतून ही गाडी शिरत नाही, म्हणून मोठ्या शहाणपणाने ई-रिक्षा केली, आणि ती एका वळणावर सरळ आडवी झाली. मी डाव्या मनगटावर पडले. ऑपरेशन, आत प्लेट, प्लास्टर, मग चेंडू दाबायचे व्यायाम. हाड जुळलं, पण ताकद काही येईना. कुकर उचलायचा तर उजवा हात मदतीला लागे. आपल्याकडे गाडीचा गिअर डाव्या हाताला. पहिला गिअर पुढे ढकलायचा असतो, तो तळव्याने कसाबसा पडायचा. दुसऱ्यासाठी दांडा मागे ओढावा लागतो, आणि तिथे मनगटातून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

भाऊ म्हणाला, ही विकून टाक आणि ऑटोमॅटिक घे. डॉक्टर म्हणाले, काय हरकत आहे? बँकेत सगळे हेच म्हणाले. सगळ्यांचंच म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्या सगळ्यांचा राग यायचा. मी माझी अक्कल चालवली. स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये ‘शॉर्ट शिफ्टर’ नावाची चीज फार लोकप्रिय आहे. मूळ दांडा काढून एक आखूड दांडा बसवायचा, म्हणजे गिअर बदलताना हात जेमतेम दोन बोटं हलवावा लागतो. मी हिशेब केला, हात कमी हलेल, म्हणजे कमी दुखेल. इंटरनेटवरून तो किट मागवला आणि एका गॅरेजात बसवून घेतला. गॅरेजवाला खूश होऊन म्हणाला, “अब देखिए मैडम, बस कलाई हिलेगी!” मनगट हीच तर सारी अडचण होती. हे त्याला सुचलं नाही, आणि मलाही नाही.

पहिल्याच दिवशी हजरतगंजच्या चौकात फजिती झाली. सिग्नल सुटला, गाडी पहिल्यात घोंघावत पुढे निघाली, आणि दुसरा काही केल्या पडेना. तो आखूड दांडा दगडात रुतल्यासारखा झाला होता. ओढता ओढता हात बधिर झाला, क्लचवरचा पाय सुटला, गाडी आचका देऊन बंद. मागे हॉर्नचा गदारोळ. ट्रॅफिकचा शिपाई आला, अगदी अदबीने वाकला आणि म्हणाला, “मैडम, घबराइए मत। ड्राइवर को फ़ोन कर दीजिए, आकर ले जाएगा।” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मी तिथे, त्या लाल गाडीत, हमसाहमशी रडले. पुन्हा कुणीतरी सोडायला, कुणीतरी न्यायला. गॅरेजचा माणूस येऊन गाडी घरी लावून गेला. मी तिच्यावर कव्हर घातलं आणि विकण्याची जाहिरातही लिहून काढली.

त्याच आठवड्यात गणपती आले. आम्हा मराठी मंडळींचा गणपती महानगरात बसतो. मी डावा हात ओढणीत लपवून प्रसाद घ्यायला गेले, तर द्रोण वाटणारे काका थबकले.

“नाशिक, प्रसाद एका हातानं घेतेस व्हय? डावा कुठं ठेवलास?”

मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. काकांनी द्रोणांचं ताट साताऱ्याच्या हातात दिलं आणि मला खुर्चीवर बसवून सगळी हकिकत काढून घेतली. अपघात, प्लेट, कुकर, ऑटोमॅटिक, किट, हजरतगंज. मी सांगताना पुन्हा रडकुंडीला आले. सांत्वन वगैरे करण्याची त्यांना सवय नव्हती. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, “दांडा आखूड केलास? भले! चल बाहेर.”

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक हापसा आहे. बाहेर म्हणजे त्या हापशापाशी, भर प्रसादवाटपातून. “याच्या दांड्याच्या टोकाला धर आणि मार.” मी मारला, पाणी आलं. “आता मधोमध धर आणि मार.” दांडा हलेना. उजव्या हाताने जोर लावूनही हलेना. “आता हात जास्त फिरला का कमी?” कमी. “आणि ओझं?” जास्त. “शाळेत शिकवलेलं असतंय गं हे. परीक्षा झाली की पोरं सोडून देतात.” ज्या गोष्टीवर मी महिनाभर इंटरनेट पालथं घातलं, ती त्यांनी दोन मिनिटांत पाणी उपसून दाखवली. तेवढ्यात तिथे बादली घेऊन आलेल्या एका बाईंनी आमच्याकडे संशयाने बघितलं, तेव्हा काका त्यांना म्हणाले, “बस हो गया बहनजी, बिटिया फ़िज़िक्स पढ़ रही है।”

पुढच्या रविवारी गाडी त्यांच्या दारात उभी राहिली. चालवत आणली अर्थात गॅरेजच्या माणसाने. काकांनी आधी तो किट काढून मूळचा दांडा परत बसवला. खालच्या सांध्यातले दोन झिजलेले बुश, म्हणजे आतल्या कड्या, काढून नवे करून घातले. मग मला चालकाच्या जागी बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. “आता गिअर शोधू नको. हात नुसता सोड. पडंल तिथं पडू दे.” हात पडला, तिथे त्यांनी खडूने खूण केली. असं दहा-बारा वेळा. मग हाक मारली, “अगं, कणीक आण थोडी!”

काकू परात घेऊनच बाहेर आल्या. “पोळ्यांची कणीक गाडीत कशाला हवी तुम्हाला?” काकांनी एक मोठा गोळा तोडला, गिअरच्या दांड्यावर बसवला आणि मला म्हणाले, “धर. घट्ट न्हाई. दारात पाहुणं आल्यावर कडी धरतीस तशी.” कणकेवर माझ्या बोटांचे ठसे उमटले. दुखऱ्या हाताची पकड वेगळीच असते, अंगठा बाजूला पडतो, करंगळी काम करत नाही, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. कणकेत सगळं दिसत होतं. काकांनी तो गोळा ताटलीत घालून, ओल्या फडक्याने झाकून, लेथपाशी नेला. काकू म्हणाल्या, “आज तुमच्या वाटणीच्या दोन पोळ्या कमी.” आणि खरोखरच कमी वाढल्या.

चौक बाजारात चिकनकारी भरतकामाच्या कापडावर नक्षी छापायचे शिसवी ठसे मिळतात. असा एक झिजून निकामी झालेला ठसा काकांकडे पडून होता. त्यातून त्यांनी त्या कणकेबरहुकूम मूठ घडवली. गिअरच्या मुठी गोल असतात. ही एका बाजूला फुगलेली, दुसरीकडे अंगठ्यासाठी खोलगट, नाकीडोळी अगदीच बेढब. आणि मूळ दांड्याच्या टोकावर एक पितळी नळी चढवून त्यांनी दांडा चांगला लांब केला. नळी दांड्याभोवतीच्या चामड्याच्या झालरीत झाकून गेली, मूठ मात्र भलतीच वर आली. जग आपल्या स्पोर्ट्स कारचे दांडे आखूड करून घेतं, आणि माझा उंटाच्या मानेसारखा वर निघालेला.

“टाक दुसरा,” काका शेजारच्या सीटवर अंग आक्रसून बसत म्हणाले. मी दात ओठांवर रोवून दांडा ओढला. तो लांबून, सावकाश, लोण्यातून आल्यासारखा आला. कळ नाही, काजवे नाहीत. मी गाडी थांबवली, पुन्हा पहिला टाकला, पुन्हा दुसरा. गल्लीतून सात-आठ वेळा तेच केलं. काका वैतागले, “अगं, तिसरा, चौथा हायेत का न्हाईत हिला?” त्या दिवशी कपूरथल्यापासून निशातगंजच्या पुलापर्यंत आणि परत, मी स्वतः गाडी चालवली. जाहिरातीचा कागद फाडून टाकला.

कौतुक करणारे आम्ही तिघंच होतो. बँकेतल्या एका तरुण सहकाऱ्याने गाडीत डोकावून बघितलं आणि फिदीफिदी हसला, “अरे मैडम, ये तो ट्रक का गियर है!” मला लागलं. रविवारी काकांपाशी तक्रार केली. ते म्हणाले, “ट्रकवाला कलकत्त्याला जाऊन येतोय. तुझा तो हसणारा कुठवर जातोय, मॉलपर्यंत?” पुढच्या वेळी सहकारी हसला तेव्हा मी हेच उत्तर हिंदीत फेकलं. तेव्हापासून तो गाडीपेक्षा मलाच जास्त घाबरतो.

मग एक शिरस्ताच पडला. दर पंधरवड्याला, रविवारी सकाळी, तेल-पाण्यासाठी गाडी आणायची. मी पोचले की काका किल्ली घेणार आणि मला आत पिटाळणार. “बाई माणूस समोर असलं की मला आटे लावता येत न्हाईत.” हे धादांत खोटं होतं, संस्थेतल्या निम्म्या बायका त्यांच्यासमोर उभ्या राहून काम करून घ्यायच्या. पण वाद कोण घालणार? आत काकूंचे पोहे तयार असत. त्या समोर बसून, वाटी संपली की पुन्हा वाढत, मला गोष्टी सांगायच्या. एका मावसबहिणीचं लग्न मोडता मोडता कसं झालं, ही गोष्ट मी तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा ती नव्याने ऐकत असल्यासारखा चेहरा ठेवला. वीसेक मिनिटांनी बाहेरून हाक यायची, “नाशिक, चल!” की आम्ही पुलापर्यंत चक्कर मारायचो. काका रस्त्याकडे बघतच नसत. त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर आणि कान गिअरबॉक्सवर. मी दांडा हिसकला की ओरडायचे, “भांडायला आलीस व्हय त्याच्याशी?” आणि लगेच डॅशबोर्डला थोपटून, “माफ़ कीजिए, बच्ची है।”

असं दीडेक वर्ष चाललं. मधे एकच खटका उडाला, आणि तो माझ्याकडून. एका रविवारी घरी परतताना दुसरा गिअर एकाएकी जड लागला. रात्री मनगट सुजलं. माझं डोकंच फिरलं. सोमवारी बँकेतून तडक महानगर गाठलं आणि दारातूनच सुरू झाले. काका, काहीतरी बिघडवलंय तुम्ही. सगळं चांगलं चाललं होतं. हात पुन्हा गेला तर मी काय करायचं? जे बोलू नये तेही बोलले. म्हटलं, तुम्ही काही डॉक्टर नाही. काका एरवी एवढ्या तेवढ्यावरून उसळायचे. त्या दिवशी खाली मान घालून उभे राहिले. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “दोन सूत जास्त झालं. घाई केली मी.” दोन सूत म्हणजे पाव इंच, पण कसलं, हे विचारायचंही मला त्या रागात सुचलं नाही. त्यांनी गाडी घेतली, मला आत पाठवलंही नाही, म्हणाले पंधरा मिनिटं कपूरथल्याला फिरून ये. परत आले तर दांडा पुन्हा पहिल्यासारखा हलका. मी ओशाळले. माफी मागितली तर म्हणाले, “तुझा हात हाय, बोलणार तूच.” त्यानंतरचे दोन महिने ते प्रत्येक चकरीत दहादा विचारायचे, दुखतं का, खरं सांग, दुखतं का.

नंतरच्या उन्हाळ्यात काकूंच्या गुडघ्यांनी पार असहकार पुकारला. मुलगा कोल्हापुरात होता. तो म्हणाला, आता पुरे. या वेळी जायचं खरंच ठरलं. लेथ संस्थेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने नेला, तेव्हा काका घराबाहेर जाऊन उभे राहिले. तुळशीला पहिल्यांदा भरपूर ऊन मिळालं, आणि काकू म्हणाल्या, “बघवत नाही गं तो रिकामा व्हरांडा.”

निघायच्या आदल्या रविवारी मी गेले, तर मला आत पिटाळलं नाही. काकांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत पितळी नळ्या होत्या. नऊ. सगळ्या एकसारख्या, आतून आटे पाडलेल्या, आणि प्रत्येक आधीच्या नळीपेक्षा जराशी आखूड. सगळ्यात मोठी माझ्या तर्जनीएवढी, सगळ्यात लहान अंगठीपेक्षा थोडी जाड. मला काही उमगेना.

“पहिल्या दिवशी ही होती,” त्यांनी मोठी नळी उचलली. “मग ही. मग ही. हात जरा तयार झाला असं वाटलं की एक काढायची, धाकटी घालायची. तू पोहे खात होतीस.”

“आणि आता कुठली आहे?” मी विचारलं.

त्यांनी गाडीत वाकून चामड्याची झालर खाली सरकवली. दांड्यावर नळी नव्हतीच. नुसता मूळचा दांडा होता, कारखान्यातून आला तसा, आणि त्यावर ती बेढब शिसवी मूठ. “होळीपास्नं काही न्हाई हिच्यात,” काका म्हणाले. “तीन महिने तू कंपनीचाच दांडा ओढतीयस.”

मला आधी राग आला. हो, रागच. दीड वर्ष मला लहान मुलासारखं फसवलं म्हणून. “मला सांगायचं तरी!” मी जवळजवळ ओरडलेच.

“सांगितलं असतं तर हात नंतर दुखला असता, आधी तू दुखली असतीस. प्रत्येक रविवारी घाबरून आली असतीस की आज आखूड झालंय, आज जड लागंल. एकदा घाई केली मी, तेव्हा बघितलं की. रात्रभर झोप न्हाई लागली मला.”

मी काकूंकडे बघितलं. “म्हणजे पोहे...?”

“ती माझी ड्यूटी होती,” काकू म्हणाल्या. “वीस मिनिटं बसवून ठेवायचं. शेवटी शेवटी तर गोष्टी संपल्या हो माझ्या.”

मी त्या रिकाम्या व्हरांड्यात मटकन बसले आणि आधी हसले आणि मग रडले. चेंडू दाबायच्या व्यायामांनी जे झालं नाही, ते एका माणसाने पितळ कातून, सूत-सूत करत, मला कळूही न देता करून घेतलं होतं. मला आयुष्यात पुष्कळांनी मदत केली, प्रेमानेच केली. पण बहुतेकांची मदत म्हणजे, सोड, मी करतो. काकांनी माझ्या हातातलं काम एकदाही काढून घेतलं नाही. ते फक्त माझ्या हाताला पेलेल एवढं करून द्यायचे. हे मी त्यांना तेव्हा नीट सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते आहे. त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. “असू दे तुझ्याकडं. कुणाच्या तरी उपयोगी पडंल. आणि तो तुझा आखूड किटही आत हाय बांधून. आता बसवलास तरी झेपंल तुला. पण मला विचारशील तर नको बसवू, दिसायलाच चांगला हाय तो.”

ते पुण्यामार्गे कोल्हापूरला जाणार होते, म्हणून पुण्याच्या गाडीला त्यांना चारबाग स्टेशनवर सोडायचं होतं. माझ्या गाडीत एकच जण मावणार, म्हणून काकू आणि सामान टॅक्सीने पुढे गेले आणि काका माझ्याबरोबर. सरळ रस्ता सोडून त्यांनी मला हजारदा वळायला लावलं. संस्थेच्या फाटकावरून घे. इथं माझी पहिली खोली होती, पत्र्याची. या दुकानात पहिल्यांदा चहा प्यायलो, तेव्हा हिंदीत साखर कमी कशी मागायची ते येत नव्हतं. त्या पुलावर सायकलीची चेन तुटली होती, आणि एका अनोळखी माणसाने घरी नेऊन जेवायला घातलं होतं. ते बोलत होते, मी वळत होते, थांबत होते, पुन्हा निघत होते. काकूंचे तीन फोन आले. तिसऱ्यात त्या म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, लखनौ बघून झालं असेल तर गाडी सुटायला आली आहे.”

 फलाटावर मी वाकून काकांना नमस्कार केला, तर म्हणाले, “तेल वेळेवर बदलत जा.” गाडी हलली तेव्हा काकू हात हलवत होत्या आणि काका दाराशी उभे राहून डब्याच्या जोडणीकडे, खाली वाकून, काहीतरी बघत होते. शेवटपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांचा चेहरा दिसू नये म्हणून असेल.

परत आले. गोमती नगरात घराखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. आता रविवारी जायचं कुठे, हा विचार मनात होता. मग किल्ली काढताना एकदम लक्षात आलं. महानगर, निशातगंज, हजरतगंज, चारबाग, आणि परत. सकाळपासून किती वेळा दुसरा गिअर टाकला असेन, देव जाणे. पण माझा हात मला एकदाही आठवला नव्हता. दुखला नाही एवढंच नव्हे, आहे हेच विसरले होते.

मी काकांना फोन लावला. पलीकडे आगगाडीचा खडखडाट होता.

“काका,” मी म्हटलं, “आज हात आठवलाच नाही मला.”

 

“मग झालं की काम,” काका म्हणाले. “ठेव आता. काकू डबा उघडतीय.”